कात्री आधी हप्त्यांवर

मंदीची चाहूल लागली की घरातली पहिली कात्री स्वयंपाकघरात फिरते. तेलाच्या पिशव्या महिन्याला चारऐवजी तीन. दूध लिटरवरून पाऊण लिटर. डाळ पातळ, फळं बंद. कामाला येणाऱ्या मावशींना सांगायचं, "पुढच्या महिन्यापासून फक्त भांडी." आणि त्याच महिन्याच्या पाच तारखेला गाडीचा, मोबाइलचा, कार्डाचा हप्ता खात्यातून गुपचूप कापला जातो. त्याच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही.

हा क्रम उलटा आहे. मंदीत हात आखडता घ्यावाच लागतो, त्याबद्दल वाद नाही. पण तो कुठे आखडायचा यावर घर तगतं की खंगतं हे ठरतं. माझं म्हणणं सरळ आहे: कात्री पहिल्यांदा व्याजावर चालवा. जेवणाचं ताट, औषधाची गोळी आणि दुसऱ्याचा पगार यांना हात लावायची वेळ आलीच, तर सगळ्यात शेवटी.

हिशेब करून बघा. महिन्याला एक लिटर तेल वाचवलं तर दीडशेच्या आसपास रुपये वाचतात, आणि त्यासाठी घरातल्या बाईला रोज फोडणीत चमचा मोजावा लागतो. आता घराचं कर्ज घ्या. २५ लाख, २० वर्षं, ९ टक्के. हप्ता साधारण २२,५०० रुपये. हाच दर साडेआठवर आला तर हप्ता २१,७०० च्या आत येतो. महिन्याला ८०० रुपये, आणि त्यासाठी बँकेत एकदाच जायचं, एक अर्ज द्यायचा. तेलाच्या पाचपट पैसा तिथे पडून आहे आणि आपण कढईपाशी काटकसर करत बसलो आहोत.

हा अर्ज देण्याला अर्थ आहे का? आहे. २०२५ या एका वर्षात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आणला. तुमचं कर्ज रेपोशी जोडलेलं असेल तर त्याचा फायदा तुमच्यापर्यंत आला असायला हवा. कर्ज जुनं असेल आणि अजून जुन्याच पद्धतीच्या दरावर चालू असेल, तर तो फायदा वाटेतच अडकलेला असू शकतो. खातेउतारा काढा, दर कशाशी जोडलाय ते वाचा. नव्या गिऱ्हाइकाला बँक आज काय दर देते ते विचारा आणि तोच दर मागा. थोडं शुल्क घेऊन बँका दर बदलून देतात. दर उतरल्यावर बँक बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते. नोकरीची खात्री नसेल तर सांगा, मुदत राहू द्या, हप्ता कमी करा. मंदीत हातात खेळता पैसा लागतो. पुढे बरे दिवस आले की जास्तीचे पैसे भरून मुदत खाली आणता येते, कारण बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही.

क्रेडिट कार्डाचा प्रकार याहून वाईट. बिलावर दोन आकडे असतात, एकूण देय आणि किमान देय. समजा ४० हजार थकले आहेत आणि किमान देय ५ टक्के, म्हणजे २,००० रुपये. माणूस २,००० भरतो आणि या महिन्यापुरती सुटका झाली असं समजतो. पण कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. ४० हजारांवर १,४०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, २५२ रुपये. म्हणजे भरलेल्या २,००० मधून मुद्दलात गेले फक्त ३४८. वर्षाचा दर ४२ टक्के झाला. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, आज घेतलेल्या किराण्यावर आजपासून व्याज लागतं. स्वस्त डाळ शोधायला चार दुकानं फिरायची आणि ती ४२ टक्के व्याजाने घरी आणायची, असं हजारो घरांत चाललंय.

आणि त्याच घरांत मुदत ठेवीची पावती कपाटात असते. सात टक्क्यांची. ती मोडायची नाही, कारण ठेव मोडणं म्हणजे घराला उतरती कळा लागणं, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. ही शिकवण मंदीत महागात पडते. एका हाताने सात टक्के घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने बेचाळीस द्यायचे, याला पुंजी जपणं म्हणत नाहीत. ठेव मोडा, कार्ड फेडा. ठेव नसेल आणि सोनं असेल, तर ते सावकाराकडे नको, राष्ट्रीयीकृत बँकेत तारण ठेवा. तिथला दर कार्डाच्या दराच्या जवळपास चौथा हिस्सा असतो. पाटल्या महिना-दोन महिने हातात नसल्या म्हणून कुणाचं काही अडत नाही. आणि कार्ड फिटलं की ते बंद करून टाका, नाहीतर दोन्ही कर्जं डोक्यावर येतील.

मंदी कशी असते हे महाराष्ट्राने जवळून पाहिलंय. २०१९ मध्ये गाड्यांची मागणी घटली तेव्हा पुण्या-नाशिककडच्या कारखान्यांनी 'ब्लॉक क्लोजर' घेतले, म्हणजे काही दिवस उत्पादनच बंद ठेवलं. पहिल्यांदा घरी बसले ते कंत्राटी कामगार, त्यांच्यामागोमाग सुट्या भागांच्या लहान शेडमधले. पाठोपाठ करोनाची टाळेबंदी आली. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं सकल उत्पादन आदल्या वर्षीच्या तुलनेत जवळपास एक चतुर्थांशाने घसरलं. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने हप्ते थांबवायची मुभा दिली आणि पुष्कळांना ती माफी वाटली. ती माफी नव्हती, व्याज चालूच होतं. वीस वर्षांच्या कर्जाच्या सुरुवातीला ज्यांनी सहा हप्ते थांबवले, त्यांच्या मुदतीत सहापेक्षा कितीतरी जास्त हप्ते वाढले. ज्यांच्या घरात खरोखर पैसाच येत नव्हता त्यांच्यासाठी ती मुभा गरजेची होती, त्यांनी ती घेतली ते योग्यच केलं. पण पगार चालू असताना केवळ मिळतेय म्हणून ती घेणाऱ्यांना नीट समजावून सांगायला कुणीतरी हवं होतं. पुढच्या वेळी अशी सवलत आली तर पहिला प्रश्न हाच विचारा: व्याज थांबणार आहे का?

लग्नाबद्दल थोडक्यात. कर्ज काढून लग्न करू नका. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न अगदी थोडक्या खर्चात लागलं. दीडशे वर्षं झाली. हॉल, डीजे आणि ड्रोन नसले तरी लग्न लागतं.

आता ताटाकडे येते. पातळ केलेली डाळ घरात सगळ्यांना सारखी पातळ मिळत नाही. आधी मुलं जेवतात, मग कामावर जाणारा नवरा, मग सासू-सासरे. शेवटी जी बसते तिच्या वाट्याला भाजीचा रस्सा आणि कढईला लागलेलं पुसून घेतलेलं असतं. उरलेली भाकरी ती चटणीशी खाते आणि "मला एवढंच लागतं" म्हणते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांमागे ५४ जणी रक्तक्षयी निघाल्या. हे चांगल्या दिवसांतलं ताट आहे. त्यातून अंडं, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे काढून घेऊन जी बचत होते ती बचत म्हणू नका. तिच्या हाडामांसातून घेतलेलं ते बिनव्याजी कर्ज आहे आणि ते कुणी परत फेडत नाही. मंदीत एक नियम घरात लावा: निदान रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र, एकाच वेळी वाढून घ्यायचं. कमी असेल तर सगळ्यांना कमी पडू दे.

खाण्यात वाचवायचंच असेल तर पैसा नेमका कुठे जातो ते बघा. २०२३-२४ च्या सरकारी उपभोग खर्च पाहणीनुसार शहरी माणसाच्या खर्चात अन्नाचा वाटा ४० टक्क्यांच्या जवळ आहे आणि त्या अन्नात सगळ्यात मोठा हिस्सा पेयं आणि तयार खाद्यपदार्थांचा आहे. धान्यावर होतो त्याच्या दुपटीहून जास्त. बिस्किटं, फरसाण, थंड पेयं, ऑर्डर केलेलं जेवण. इथे हात आखडला तर कुणाच्या अंगातलं रक्त कमी होत नाही. पोहे, उपमा, थालीपीठ, उसळ आपल्याकडे आहेच. फक्त ते करायचं काम एकट्या बाईच्या डोक्यावर टाकू नका. ऑर्डर बंद केली तर कांदा चिरायला घरातल्या बाकीच्यांनी उठायचं.

विजेचं असंच. दिवे मालवत फिरण्यापेक्षा पंख्यांकडे बघा. जुना पंखा ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. पंधरा तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात, तीन पंख्यांचे ६०. शंभर युनिटांच्या पुढच्या टप्प्यात सगळे आकार धरून युनिट दहा रुपयांच्या पुढेच पडतं, म्हणजे महिन्याला ६०० रुपये. एकेक करून बदला, रोखीने. हप्त्यावर नको.

औषधं बंद करू नका. मंदीत बीपी-शुगरची गोळी एक दिवसाआड घेणारे वडीलधारे मी पाहिलेत, ते मुलांना सांगतही नाहीत. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि जवळचं जनऔषधी केंद्र शोधा. २००८ साली ही योजना सुरू झाली, आज देशात १५ हजारांवर केंद्रं आहेत आणि बरीचशी नेहमीची औषधं तिथे निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. आरोग्य विम्याचा हप्ताही चुकवू नका. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी उठलाय, त्यामुळे तो तेवढा स्वस्त झालाय. सगळ्या हप्त्यांत हा एक हप्ता ठेवायचा.

एकट्याने केलेल्या काटकसरीला मर्यादा असते. १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मुंबईच्या बायका घरात डाळ पातळ करत बसल्या नाहीत. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्याबरोबर त्या लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या आणि तेल, साखर, रॉकेल रास्त भावात मागितलं. त्याच दशकात बिंदुमाधव जोशींनी पुण्यातून ग्राहक पंचायत उभी केली. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, तिच्या उभारणीत सुधीर फडके यांचाही हात होता. पद्धत साधी. शेजारपाजारची कुटुंबं एक संघ करतात, महिन्याची यादी आधी भरून देतात, माल घाऊक खरेदी होतो आणि एका सभासदाच्या घरी येतो. तिथे सभासदच तो वाटून घेतात. मधल्या माणसाचा नफा आणि दुकानात गेल्यावर हाताला लागणारी अनावश्यक पाकिटं, दोन्ही टळतात.

ही व्यवस्था आजही चालू आहे. तुमच्या भागात संघ नसेल तर सोसायटीतल्या दहा घरांनी मिळून भुसार बाजारातून गव्हाची पोती आणि तेलाचे डबे आणायला कुणाची परवानगी लागत नाही. वाटप पार्किंगमध्ये होऊ शकतं. एक काटा, एक वही आणि पैसे आधी देणारी माणसं हवीत. उधारी सुरू झाली की संघ मोडतो, एवढं सांभाळा.

आणि मावशी. तुमच्या घरातून कमी केलेले १,५०० रुपये हे तुमच्या खर्चातली एक ओळ असते, तिच्याकडे ती मुलाच्या शाळेची फी असते. चार घरांनी एकाच महिन्यात तेच केलं की तिचं अख्खं घर बसतं, मग ती वाण्याकडून माल उचलत नाही, वाण्याचा पोऱ्या कमी होतो. एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते. सगळ्यांनी एकदम हात आखडला तर मंदी आणखी खोल जाते, हे अर्थतज्ज्ञ केन्सने १९३६ मध्येच मांडून ठेवलंय. म्हणून बँकेला जाणारं व्याज आधी कापा, शेजारच्या हाताला जाणारा पगार ठेवा. अगदीच जमत नसेल तर दोन महिने आधी सांगा, म्हणजे तिला दुसरं घर बघता येईल.

अजून एक काम याच आठवड्यात करता येईल. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. २०२१ च्या टाळेबंदीत राज्य सरकारने घरकाम करणाऱ्यांना १,५०० रुपयांची मदत जाहीर केली, ती नोंदणी झालेल्यांसाठी होती. नोंदणी नसलेल्या बायका तेव्हा रिकाम्या हातांनी राहिल्या. मावशींची नोंदणी झालीय का ते विचारा. नसेल तर त्या तुमच्याकडे कधीपासून कामाला आहेत याचा दाखला एका कागदावर लिहून, सही करून त्यांच्या हातात द्या आणि ज्या दिवशी त्या कामगार कार्यालयात जातील त्या दिवसाचा पगार कापू नका.