रीस्टार्टबुवा

प्रत्येक सोसायटीत एक रीस्टार्टबुवा असतोच. तो इंजिनिअर असेल असं नाही. बहुतेकदा बँकेतून, एलआयसीतून नाहीतर शाळेतून निवृत्त झालेला किंवा होऊ घातलेला असतो. त्याची पात्रता एकच. कधीतरी, कुणाच्या तरी घरी, चार माणसांच्या देखत त्याने फोन टीव्हीला जोडून दाखवलेला असतो. ती एक जोडणी त्याला जन्मभर पुरते. मग सॅन होजेला झालेल्या नातवाच्या बारशाचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर बघायचा असो की लग्नातले आठशे फोटो पाहुण्यांच्या गळी उतरवायचे असोत, टीव्ही फोनला ओळख देईनासा झाला की "वरच्या काकांना हाक मार रे" असं फर्मान निघतं. काका येतात. चप्पल दाराशी काढतात, चहाला "आधी काम" म्हणतात आणि काय झालं, कधीपासून झालं यातलं काहीही न विचारता पहिला मंत्र टाकतात: "बंद करून चालू केलंत का?"

त्यांचं काम जवळून बघण्यासारखं असतं. चष्मा कपाळावर जातो, फोन डोळ्यांपासून चार बोटांवर येतो. वायफाय बंद, वायफाय चालू. विमानाचं चित्र दाबायचं, पाच आकडे मोजायचे, पुन्हा दाबायचं. टीव्ही रिमोटने बंद केलेला चालत नाही, भिंतीवरच्या बटणानेच करायचा, आणि तीस म्हणेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. दहा मोजून चालू केलेल्या टीव्हीवर त्यांचा विश्वास नाही. मग राउटरची वायर उपसायची आणि फुंकर मारून परत खोचायची. रिमोटचे सेल काढून तळहातावर चोळायचे (याचा फोनशी काय संबंध, हे विचारायचं नाही). शेवटी फोन टीव्हीच्या चौकटीजवळ नेऊन डावीकडून उजवीकडे असा सावकाश फिरवायचा, की फक्त निरांजनाचीच उणीव. या सगळ्यात पडद्यावर 'कास्ट' हा शब्द उमटला की घरातलं एखादं ज्येष्ठ माणूस दचकतं. हा शब्द त्यांना आजवर दाखल्यांवर आणि सरकारी अर्जांवरच भेटलेला. आता टीव्हीलाही जात सांगावी लागते की काय! बुवा त्यांना हातानेच थांबवतात. गोल फिरत राहतं. कधी चित्र येतं, कधी "जोडता आले नाही, पुन्हा प्रयत्न करा" एवढंच येतं. चित्र आलं तर ते बुवांमुळे, नाही आलं तर "तुमच्या टीव्हीतच प्रॉब्लेम आहे".

या माणसाची टिंगल करणं सोपं आहे, आणि ती होतेही, तो जिना चढून गेल्यावर. पण बुवा हा प्रकार अकलेच्या तुटवड्यातून जन्मला, हे मला मान्य नाही. त्याला बुवा केलं ते यंत्राने. पुरावा म्हणून त्याचाच पूर्वज बघा, गच्चीवरचा अँटेनावाला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुण्याच्या कौलांवर आणि गच्च्यांवर सिंहगडाच्या मनोऱ्याकडे तोंड करून अॅल्युमिनियमच्या दांड्या उभ्या राहिल्या, आणि त्या दांड्या फिरवणाऱ्यांची एक पिढी तयार झाली. एक जण वर गच्चीत, एक गॅलरीत, एक टीव्हीपुढे. "आलं!", "गेलं!", "अरे मगाचचं बरं होतं!" असे निरोप जिन्यातून वरखाली जात. या खटाटोपात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण अंधश्रद्धेचा लवलेश नव्हता. कारण मुंग्यांचं चित्र खोटं बोलत नसे. दांडी वीतभर फिरली की मुंग्या कमी व्हायच्या, आणखी फिरली की वाढायच्या. चूक झाली एवढंच नव्हे, किती झाली आणि कोणत्या बाजूला झाली, हे पडदा त्या क्षणी सांगत होता. दोन-तीन पावसाळ्यांत तो माणूस वारा, पत्र्याची टाकी आणि शेजारची वाढलेली इमारत या तिन्हींचा हिशेब डोक्यात ठेवायला शिकायचा. शाळेत विज्ञानात नापास झालेलाही शिकायचा.

आजच्या पडद्यावर मुंग्या येत नाहीत. चित्र आलं तर येतं, नाही आलं तर नाही. आणि न येण्याची कारणं मात्र डझनभर. मुळात 'फोन टीव्हीला जोडणं' या एका नावाखाली दोन निराळे व्यवहार चालतात. एकात फोन आपलं सगळं चित्र सतत टीव्हीकडे पाठवत असतो. मिराकास्ट, ज्याला वायफाय अलायन्सने २०१२ पासून प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली, तो या घराण्यातला. त्याला घरातल्या राउटरची गरजही नसते, दोन्ही यंत्रं थेट एकमेकांशी बोलतात. दुसऱ्यात, म्हणजे गुगलने २०१३ साली आणलेल्या क्रोमकास्ट या उपकरणाच्या रीतीत, फोन नुसता निरोप्या असतो. "अमुक व्हिडिओ लाव" एवढं तो सांगतो आणि टीव्ही तो व्हिडिओ इंटरनेटवरून स्वतः आणतो. अशा वेळी "फोनला कोणी हात लावू नका, चित्र जाईल" असं म्हणत फोन ताम्हणातल्या बाळकृष्णासारखा टेबलावर जपून ठेवणाऱ्या बुवांना हे ठाऊक नसतं, की निरोप्याचं काम केव्हाच संपलंय. मात्र या रीतीत दोघेही एकाच वायफायवर हवेत. फोन तिथे हाळी देतो, "कोणी टीव्ही आहे का?" टीव्हीने ओ दिली तरच त्याचं नाव यादीत दिसतं. आता फोन मोबाइल डेटावर असेल, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वेगळ्या वायफायवर असेल, ऑफिसच्या कामासाठी घेतलेलं व्हीपीएन चालू राहिलं असेल, राउटरने घरातल्या उपकरणांना आपापसात बोलायची मनाई केली असेल, किंवा अॅपने आसपासची उपकरणं शोधण्याची परवानगी मागितली तेव्हा घाईत 'नको' दाबलं गेलं असेल, तर हाळी पोचत नाही. पाच वेगळी दुखणी, पाच वेगळी औषधं. पडद्यावर दिसतं काय? तेच गोल. याहून गमतीचा प्रकार म्हणजे जोडणी उत्तम असते, पण पैसे भरून घेतलेला सिनेमा लावला की आवाज येतो आणि पडदा काळा. तो बिघाड नसतोच. सिनेमाची नक्कल होऊ नये म्हणून मुद्दाम केलेली ती व्यवस्था असते. पण तसं स्पष्ट सांगण्याइतकं सौजन्य फार थोड्या अॅपांकडे असतं, आणि इकडे बुवा राउटरची वायर उपसत बसतात.

कारण न सांगणाऱ्या, पण अधूनमधून प्रसन्न होणाऱ्या यंत्रापुढे एखाद्या जिवाचं काय होतं, याचा प्रयोग होऊन गेला आहे. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तो १९४८ साली प्रसिद्ध केला. भुकेली कबुतरं पिंजऱ्यात ठेवली आणि ठरावीक वेळाने त्यांना दाणे मिळतील अशी सोय केली. कबुतराने काही करो वा न करो, दाणे येणारच. आठांपैकी सहा कबुतरांनी यातून आपापला धर्म काढला. एक दाण्यांच्या मधल्या वेळात घड्याळाच्या उलट्या दिशेने गिरक्या घेऊ लागलं, दुसरं पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात सारखं डोकं खुपसू लागलं. दाणे आले त्या क्षणी जे काही चाललं होतं, त्यालाच त्यांनी कारण मानलं. आपल्याकडे यासाठी कावळा आणि फांदी आधीच तयार आहेत. स्किनरने कबुतर घेतलं, इतकाच फरक. बुवांची फोन ओवाळायची पद्धत, सेल चोळणं, 'दहा नाही, तीस' हे सगळं असंच कधीतरी चित्र येण्याच्या क्षणी चालू होतं म्हणून विधीत शिरलं आणि मग निघालं नाही.

पण बुवांचा गोंधळ कबुतराहून अवघड आहे, कारण त्यांच्या दहा क्रियांमधली एक खरी आहे. बंद-चालू केल्याने खरोखरच काही घडतं. अडकून पडलेला प्रोग्रॅम मोकळा होतो, राउटरकडून पत्ता नव्याने मिळतो, उपकरणांची यादी पुन्हा बनते. फक्त बुवा सगळ्या क्रिया एका दमात करतात आणि फळ दोन मिनिटांनी मिळतं, त्यामुळे गुण कुणाचा हे ठरवायला मार्ग नाही. औषध, अंगारा आणि पथ्य एकदम सुरू केलं की ताप उतरल्याचं श्रेय अंगाऱ्यालाच जातं, तसं. आणि जिला खरं कारण दिसलेलं असतं तिचं कोणी ऐकत नाही. "मी आत इडल्या गरम करायला लावल्या की हे अडकतं" असं वहिनी स्वयंपाकघरातून सांगतात, आणि बुवा दिवाणखान्याकडे बघून समजूतदारपणे हसतात. वहिनींचं म्हणणं बरोबर असू शकतं. मायक्रोवेव्ह आणि वायफायचा जुना पट्टा दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, आणि ओव्हनच्या दारातून झिरपणारी थोडीशी लहरही त्या पट्ट्यात व्यत्यय आणायला पुरते. वहिनींकडे यंत्राचं ज्ञान बुवांपेक्षा जास्त होतं असं नाही. इडल्या ठेवल्या की चित्र अडकलं, काढल्या की सुटलं, हे त्यांना ताबडतोब आणि वारंवार दिसलं, एवढंच.

यावर पहिला आक्षेप येतो तो माहितीपुस्तिकेचा. वाचावी की! वाचली, तर त्यात एकच व्यवहार चार नावांनी सापडतो. सॅमसंगच्या फोनात 'स्मार्ट व्ह्यू', शाओमीत 'कास्ट', आयफोनवर 'स्क्रीन मिररिंग', एलजीच्या टीव्हीत 'स्क्रीन शेअर'. नावं निराळी असूनही एकमेकांशी जुळतील अशी आशा धरावी, तर गुगलने आपल्याच पिक्सेल फोनात मिराकास्ट ठेवलेलं नाही. दुसरा आक्षेप तरुणांचा: या पिढीला हे सगळं येतं. येत नाही. ती पिढी मांडीवरच्या पडद्यावर खूश आहे आणि "फोनवरच बघा ना" हा तिचा एकमेव तांत्रिक सल्ला आहे. बाराजणांनी एका फोनवर बारसं बघायचं कसं, याचं उत्तर तिच्याकडे नाही. तिसरा आक्षेप जरा वजनदार, की सरळ वायर लावा. लावली असती, पण फोनचं चार्जिंगचं टाइप-सी भोक सगळीकडे दिसायला सारखं असलं तरी त्यातून चित्र बाहेर काढण्याची सोय सगळ्या फोनांत नसते, आणि स्वस्तातल्या फोनांत तर बहुधा नसतेच. दुकानातून वायर आणून, ती बरोबर बसूनही पडदा कोरा राहिला, की बुवांचा वायरीवरचा विश्वास उडतो आणि विधी पुन्हा सुरू होतो.

खरा आक्षेप चौथा. कसंही असो, बुवांच्या हातून बहुतेक वेळा चित्र येतं ना? मग तुमचं काय जातं? येतं, हे कबूल. पण हेच बहुतेक वेळा येणं उरलेल्या वेळी नडतं. ज्या रविवारी भारताने दुबईत न्यूझीलंडला हरवून चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली, त्याच ९ मार्च २०२५ ला जगभरातले दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट, म्हणजे २०१५ साली आलेले, अचानक 'अविश्वासू उपकरण' ठरून बंद पडले. कारण घरातलं नव्हतंच. त्या उपकरणांची ओळख पटवणाऱ्या एका डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती, आणि त्याचं नूतनीकरण करायचं राहून गेलं होतं. शिधापत्रिकेच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कोणालाही हा रोग कळला असता. घरात मोजलेले तीस आकडे काय, तीनशे काय, उपयोग शून्य. उलट गुगलला लोकांना विनवावं लागलं की कृपा करून फॅक्टरी रीसेट करू नका. दुरुस्ती काही दिवसांत आली. पण ज्यांनी तोवर मोठ्या श्रद्धेने यंत्राची पाटी पार कोरी केली होती, त्यांना इतरांपेक्षा जास्त थांबावं लागलं. पडद्यावर त्या रात्री "दोष आमच्याकडे आहे, स्वस्थ बसा" एवढे शब्द आले असते तर जगातल्या हजारो बुवांनी वायरी उपसल्या नसत्या. अर्थात स्वस्थ बसलेल्या बुवाला चहा कोण देणार, हा प्रश्न आहेच.

बुवांना शिकता येत नाही असं ज्यांना अजूनही वाटतं, त्यांनी एकच प्रसंग बघावा. तो घरोघर एकदा घडतोच. फोनचं सगळं चित्र पाठवणारी जोडणी जमलेली असते. बुवांच्याच फोनवरून फोटो दाखवणं चालू असतं, त्यामुळे फोनवर जे येईल ते मोठ्या पडद्यावर येतं. नवरीच्या मेंदीचा फोटो, आणि त्याच्या डोक्यावर अलगद उतरणारी पट्टी: "तुमच्या क्रेडिट कार्डाची किमान रक्कम थकीत आहे." खोलीत दोन सेकंद शांतता. एरवी जोडायला अर्धा तास घेणारे बुवा तोडायला एक बोट वापरतात, तेही चष्म्याशिवाय. पुढच्या वेळी हाक आली की ते जिन्यातच थांबून नोटिफिकेशन बंद करतात, मग बेल वाजवतात.