मु. ईगलनेस्ट, जि. पश्चिम कामेंग, अरुणाचल प्रदेश

मा. बुगुन लिओसिक्ला यांस,

विषय : आपल्या आडमुठेपणाबाबत.

महोदय,

समस्त पक्षीनिरीक्षकांच्या वतीने, त्यांना न विचारता, हे पत्र लिहीत आहे.

आपण फार भाव खाता. पुण्याचे रमणा अथ्रेया पेशाने रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ. कोट्यवधी प्रकाशवर्षांपलीकडच्या दीर्घिकांशी त्यांचा रोजचा व्यवहार. त्यांना आपण १९९५ साली ओझरते दिसलात आणि मग थेट २००५ मध्ये!

बरे, नवी जात जाहीर करायची तर मारलेला नमुना पेंढा भरून संग्रहालयाच्या खणात जावा, ही जुनी वहिवाट. (काँग्रेसवाल्या ह्यूमसाहेबांनी हजारोंनी कातडी जमवली; कोणा पाखराने कुरकुर केल्याचे ऐकिवात नाही.) आपण संख्येने इतके तुटपुंजे, की अथ्रेयांना मारवेना. जाळ्यात धरले, मापे घेतली, फोटो काढले, गळालेली पिसे ठेवून घेतली आणि दिले सोडून. २००६ साली त्या चार पिसांवर आपण शास्त्रात दाखल! वशिला म्हणतात तो हाच.

काळी टोपी, डोळ्यापुढे पिवळा ठिपका, पंखांवर पिवळे-तांबडे पट्टे, शेपटीला लाल टोक. एवढा साज करून दोन हजार मीटरवरच्या झुडपांत दडून बसायचे, म्हणजे पैठणी नेसून कोठीच्या खोलीला आतून कडी लावण्यासारखे. भाऊबंद चीनच्या सिचुआनात, हजारावर किलोमीटर लांब. इथे आपले नोंदलेले गणगोत जेमतेम वीसेक. तरी जागा सोडवत नाही!

त्यात आपण ज्यांचे नाव लावता, त्या सिंगचुंग गावच्या बुगुन जमातीच्या लोकांनी आपल्याला लाडावून ठेवले. २०१७ मध्ये गावाचे १७ चौरस किलोमीटर जंगल राखीव झाले, गावची पोरे गस्तीला लागली. आमच्या पुण्याकडे एवढ्या डोंगरावर दोन टाउनशिप सहज बसल्या असत्या. एखाद्या इमारतीला आपले नावही दिले असते, आम्ही तितके कृतघ्न नाही.

असो. आम्ही लवकरच येत आहोत. आपली शीळ मोबाइलमध्ये भरून घेतली आहे. रस्त्याकडेला उभे राहून वाजवू. हद्दीत दुसरा नर घुसला असे समजून ताबडतोब बाहेर यावे, उघड्या फांदीवर बसावे, मान डावीकडे ठेवावी. पिल्ले भुकेली असल्यास थोडी कळ काढतील. परतीचे विमान गुवाहाटीहून आहे आणि तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.

आपला,
एक यादीधारक