नॅट-प्रकार तीन : गेम कन्सोल यांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री गेम कन्सोल, मुक्काम टीव्हीखालचा कप्पा, यांसी साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

नेटवर्कची चाचणी संपल्यावर महोदयांच्या पडद्यावर ‘नॅट प्रकार ३’ अशी जी अक्षरे उमटतात, त्यांबद्दल समस्त गृहस्थवर्गाच्या वतीने जाहीर कृतज्ञता व्यक्त करणे, हा या पत्राचा हेतू आहे. ज्या घरात फायबरची जोडणी आहे, शंभर एमबीपीएसच्या प्लॅनचे पैसे वेळेवर भरले जातात आणि त्याच राउटरवर त्याच क्षणी दोन मोबाइल, एक लॅपटॉप व एक मालिका विनातक्रार चालू असते, त्या घराला इंटरनेटच्या परीक्षेत नापास ठरवण्याचे धैर्य दुसऱ्या कोणत्याही उपकरणाने आजवर दाखवलेले नाही. शिवाय कोणत्या विषयात नापास, हे न सांगण्याचा संयमही महोदयांनी पाळला आहे, आणि तो विशेष उल्लेखनीय होय.

महोदयांचे घराणे या क्षेत्रात नवखे नाही. १९८३ साली अमेरिकेत ‘गेमलाइन’ नावाची एक मोडेमयुक्त काडतूसपेटी अटारी २६०० या यंत्रात खोचली जाई आणि टेलिफोनच्या तारेवरून खेळ उतरवून घेई. तो धंदा लवकरच बसला, परंतु त्याच कंपनीच्या अवशेषांतून पुढे ‘अमेरिका ऑनलाइन’ उभी राहिली. १९८८ साली जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉमला मोडेम जोडून शेअरबाजाराचे व्यवहार करण्याची सोय झाली, म्हणजे मुलांच्या खेळण्यावर वडिलांनी पैसे लावण्याची प्रथा वाटते तितकी अर्वाचीन नाही. १९९८ च्या सेगा ड्रीमकास्टमध्ये तर मोडेम जन्मतःच बसवलेला होता. या पूर्वजांचा एक गुण लक्षात ठेवण्याजोगा आहे, तो असा की त्यांनी गृहस्थाकडे केवळ टेलिफोनची तार मागितली आणि क्रमांक फिरवण्यापासूनचा सगळा उपद्व्याप स्वतःच्या अंगावर घेतला. १५ नोव्हेंबर २००१ रोजी बाजारात आलेल्या एक्सबॉक्सने ही परंपरा मोडली. त्यात मोडेम नव्हता, फक्त लॅन केबलचे भोक होते, आणि त्या भोकापलीकडे ब्रॉडबँड असणारच असे गृहीत धरलेले होते. (भारत सरकारने त्यानंतर तीन वर्षांनी, २००४ च्या धोरणात, सेकंदाला २५६ किलोबिट या वेगाला ब्रॉडबँड म्हटले, यावरून त्या गृहीतकात हा देश कितपत धरलेला होता हे कळून येते.) तारेपलीकडचे काय ते घरमालकाने पाहावे, ही घराण्याची नवी रीत तेव्हापासून रूढ झाली.

आता ‘नॅट’ म्हणजे काय ते सांगणे प्राप्त आहे, कारण महोदयांनी ते कधीच सांगितलेले नाही. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता नावाचा एक आकडा लागतो; अजूनही सर्वत्र चालणाऱ्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, असे आकडे सुमारे ४३० कोटीच आहेत. ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर १९९४ मध्ये एक तात्पुरती तोड म्हणून पत्त्यांच्या भाषांतराची योजना मांडण्यात आली, तिचे नाव ‘नेटवर्क अॅड्रेस ट्रान्सलेशन’, लघुरूप नॅट. घरातील सर्व यंत्रांना राउटर खासगी आकडे वाटतो आणि बाहेर मात्र सर्वांच्या वतीने एकच सार्वजनिक पत्ता दाखवतो. महाराष्ट्रात टेलिफोन दुर्मीळ होते त्या काळी लग्नपत्रिकांवर आणि दुकानाच्या पावत्यांवर क्रमांकापुढे ‘पी. पी.’ अशी अक्षरे छापलेली असत. फोन शेजाऱ्यांचा आहे, तेथे जाऊन बाहेर फोन लावता येईल, परंतु बाहेरून आलेला फोन कोणासाठी आहे हे शेजाऱ्यांना कळले आणि हाक मारण्याइतका त्यांना उत्साह असला तरच तो पोहोचेल, असा त्यांचा अर्थ होता. नॅटने जगातील बहुतेक घरे पी. पी. क्रमांकावर आणून ठेवली आहेत.

मोबाइलचे व टीव्हीचे त्यामुळे काही अडत नाही, कारण ती यंत्रे नेहमी स्वतःहून बाहेर विचारणा करतात, आणि कोणी काय विचारले याची नोंद राउटरजवळ असल्यामुळे उत्तर बरोबर त्याच यंत्राकडे परत येते. महोदयांची गोष्ट निराळी आहे. अनेक खेळांत एका घरातील कन्सोलला दुसऱ्या घरातील, पूर्वी कधी संबंध न आलेल्या, कन्सोलकडून थेट निरोप घ्यावा लागतो, आणि तशी नोंद राउटरपाशी नसल्याने तो निरोप दारातच टाकून दिला जातो. यावर अभियंत्यांनी काढलेली युक्ती खरोखर सुंदर आहे : एक मध्यस्थ सर्व्हर दोन्ही कन्सोलांना परस्परांचे बाहेरील पत्ते कळवतो, दोघेही जवळपास एकाच वेळी एकमेकांच्या दिशेने निरोप धाडतात, त्यामुळे दोन्ही राउटरांच्या वहीत नोंदी उमटतात आणि समोरून येणारा निरोप हा आपल्याच विचारणेचे उत्तर आहे असे समजून राउटर त्याला आत सोडतात. परंतु प्रत्येक नव्या गंतव्यासाठी राउटर वेगळा पोर्ट (पत्त्यासोबत जाणारा, ६५,५३५ पर्यंतचा उपक्रमांक) वापरत असेल, तर मध्यस्थाने कळवलेला पत्ता कामाचा राहत नाही आणि युक्ती फसते. यालाच कडक नॅट म्हणतात.

या एका तांत्रिक फरकाची गुणपत्रिका करण्याचे श्रेय मात्र सर्वस्वी महोदयांच्या घराण्याकडे जाते. प्लेस्टेशन १, २, ३ असे प्रकार पाडते. एक्सबॉक्स खुले, मध्यम आणि कडक अशी वर्गवारी करतो. निन्टेन्डोने तर ए, बी, सी, डी अशा श्रेणी लावून मधली ई गाळली आहे आणि थेट एफ दिली आहे, जेणेकरून नापासाविषयी कोणाच्या मनात किंतु राहू नये. कडक श्रेणीच्या दोन घरांतील मुलांनी एकत्र खेळण्याची इच्छा धरली, तर दोघांनीही मासिक वर्गणी भरलेली असताना त्यांची थेट गाठ पडणे दुरापास्त होते.

उपायांविषयीही महोदयांनी मौन बाळगलेले नाही. पहिला उपाय यूपीएनपी, म्हणजे कन्सोलने राउटरला परस्पर सांगून हवे ते पोर्ट उघडून घेण्याची व्यवस्था. ती घरातील कोणत्याही यंत्राचे, अगदी स्वस्तातल्या संशयास्पद वायफाय बल्बाचेही, निमूटपणे ऐकते, ही तिची उणीव सहसा सांगितली जात नाही. दुसरा उपाय पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे ठरावीक उपक्रमांकांवर आलेले सर्व काही अमुक यंत्राकडेच द्यावे अशी कायमची सूचना राउटरमध्ये हाताने लिहिणे. निन्टेन्डोच्या मार्गदर्शक सूचनांत स्विच या कन्सोलसाठी एके काळी अशी जी व्याप्ती दिलेली होती ती १ ते ६५,५३५ होती. अर्थात एकूण एक पोर्ट. एवढी व्यापक सूचना लिहिणाऱ्या हाताला ‘ठरावीक’ हा शब्द अडचणीचा वाटला असावा.

आणि हे सर्व यथासांग करूनही निकाल बदलत नाही, कारण भाषांतर घरात एकदाच होते हे गृहीतकच भारतातील असंख्य घरांपुरते खोटे आहे. आशिया-प्रशांत विभागाचा पत्त्यांचा साठा १५ एप्रिल २०११ रोजी राखीव पातळीवर आला आणि त्यानंतर नव्यांना चिमूटभरच पत्ते मिळू लागले. भारतात घरोघरी फायबर पोहोचण्याची लाट आली ती त्याच्याही नंतर. अमेरिकेतील एमआयटी या एका शिक्षणसंस्थेकडे अनेक दशके सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते होते, तर उशिरा आलेल्यांच्या वाट्याला सीजीनॅट आले, म्हणजे शेकडो घरांनी मिळून सेवादात्याचा एकच सार्वजनिक पत्ता वापरण्याची, भाषांतराचे आणखी एक भाषांतर करण्याची व्यवस्था. २०१२ साली तिच्यासाठी १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारे पत्ते राखून ठेवण्यात आले. घरातला राउटर यूपीएनपीची विनंती मान्य करून आपले दार उघडतोही, परंतु सेवादात्याकडील वरच्या दाराला ही विनंती ऐकूच जात नाही, आणि केबलवाल्याला फोन केल्यास ‘राउटर बंद करून चालू करा’ हे उत्तर मिळते; यात त्याचा तरी दोष काय. काही सेवादाते जादा मासिक शुल्क घेऊन स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देतात. जे देत नाहीत त्यांच्या ग्राहकाने पोर्टांची कितीही उघडझाप केली तरी ती घरातल्या घरातच राहते.

येथे वर्गणीचा मुद्दा निघणे अपरिहार्य आहे. एक्सबॉक्सने २००२ पासून, प्लेस्टेशनने पीएस४ पासून आणि निन्टेन्डोने स्विचवर २०१८ पासून बहुतांश ऑनलाइन खेळासाठी पैसे घेण्यास आरंभ केला. असे असूनही कित्येक खेळांचा सामना कंपनीच्या सर्व्हरवर न होता खेळणाऱ्यांच्याच यंत्रांमध्ये परस्पर भरवला जातो, कारण तो स्वस्त पडतो. सर्व्हर मधे असता तर प्रत्येक कन्सोलने मोबाइलप्रमाणे केवळ बाहेर विचारणा केली असती आणि त्या खेळापुरता तरी नॅट हा शब्द गृहस्थाच्या कानी पडला नसता. तेव्हा यजमानपद गृहस्थाकडे, पाहुण्यांची वर्गणी कंपनीकडे, आणि ताटे कमी पडल्यास श्रेणी एफ, अशी ही विभागणी आहे.

ज्याला ही कटकट नको त्याने एकट्याने खेळावे, असे सुचवले जाईल. त्याही मार्गाची महोदयांनी काळजी घेतलेली आहे : २०२३ च्या सडपातळ पीएस५ ला जोडावयाचा सुटा डिस्क ड्राइव्ह, ज्याचा उपयोगच मुळी इंटरनेटवरून न उतरवलेला खेळ चालवण्यासाठी आहे, तो प्रथम जोडताना नोंदणीसाठी इंटरनेट मागतो.

सबब विनंती एवढीच की, राउटरचा बाहेरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला आहे काय, हे ज्या यंत्राला सेकंदाला कोट्यवधी बहुकोन रंगवता येतात त्याने राउटरलाच विचारून घ्यावे, आणि तसा तो असल्यास ‘प्रकार ३’ ऐवजी ‘हा दोष या घरातील नाही’ एवढे वाक्य पडद्यावर लिहावे. ज्यात पत्त्यांचा तुटवडाच नाही ती आयपीव्ही६ पद्धत भारतातील मोबाइलधारक नकळत रोज वापरत आहेत. एक्सबॉक्स वनने २०१३ मध्ये ती स्वीकारली, तेव्हा जे भाऊबंद अद्याप मागे राहिले असतील त्यांनीही ती शिकण्यास हरकत नसावी. तोवर महोदयांनी चाचणीचा निकाल रात्री अकरानंतर, घरातील परीक्षार्थी झोपल्यावर जाहीर करावा.

कळावे, लोभ असावा.

महोदयांचा आज्ञाधारक,
एक वर्गणीदार गृहस्थ
(श्रेणी : एफ)