कंपनीची गाडी येणार म्हणे

"बाई, ऐकलं का? शुक्रवारी संस्थेत कंपनीवाले येणार हायेत. पुण्याहून."

शेजारच्या आक्का कुंपणापलीकडून बोलतात तेव्हा हातात सूप असतंच. आज तूर. धाकटी सून त्या आरोग्याच्या संस्थेत कामाला, म्हणजे बातमी पक्की.

"येऊ द्या की. पैसे आणतात."

"आनत्यात, पन उपकार केल्यावानी! चहात साखर कमी पडली तर समद्यांची तोंडं बघाय लागत्यात."

"उपकार कसले आक्का, कायदाच आहे. २०१३ चा कंपनी कायदा, कलम १३५. वर्षाला पाच कोटी नफा झाला की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजासाठी घालायचे. २०१४ च्या एप्रिलपासून लागू."

सूप थांबलं. "मग आपल्या साखर कारखान्याला बी आसंल की."

"कंपनीचा असला तर. सहकारी असला तर नाही, त्याचा कायदा वेगळा."

"म्हंजे चेअरमन सुटला म्हना!" आक्कांनी खडा उचलून माझ्याच अंगणात टाकला.

खरी गोम पुढं आहे. कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला आधी बघावं, असंही त्याच कलमात आहे. आता आसपास म्हणजे कुठं? चाकणला कारखाना असला तर चाकण. आपल्याकडं मोठी धुराडी म्हणजे साखरेचीच. मग आपल्या धाराशिवला कोण विचारतो? २०१८ साली आकांक्षित, म्हणजे मागे राहिलेल्या, जिल्ह्यांची यादी निघाली, त्यात महाराष्ट्रातले चारच: नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि आपण. कंपनीच्या साहेबाला इकडची वाट दाखवायला ती यादी तरी कामी येते.

"मागास म्हनून का हुईना, नंबर लागला," आक्का म्हणाल्या. "पन बाई, अणदूरला डॉक्टर अहंकारी नवरा-बायकोनं काम सुरू केलं, तवा कुठं व्हते हे दोन टक्के?"

बरोबर बोलल्या. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांची हॅलो मेडिकल फाउंडेशन. गावातल्याच बायका निवडल्या, शिकवल्या आणि त्यांना नाव दिलं भारतवैद्य. ताप, जुलाब, बाळंतिणीची धोक्याची खूण त्या ओळखायला लागल्या. सरकारच्या आशाताई आल्या त्या २००५ नंतर.

"माझी सून तसलंच काम करती की. काल सरावाला म्हनून माझ्याच दंडाला पट्टा बांधला. फुगिवला, फुस्स करून सोडला, वहीत आकडा लिवला आन् म्हनली, आत्याबाई, ठेच्यात मीठ कमी घाला. सासूला सांगती! बरं, त्या घरोघर फिरन्याचे पैसे कोन देनार? मागं एका कंपनीनं रगतातली साखर तपासायचं मशीन दिलं. रिबीन कापली, फोटो निगाला, त्यावर तारीख आन् ते अक्षांश-रेखांश का काय आलं. आमची म्हस बी आली त्यात. पुढं मशीनच्या पट्ट्या संपल्या. मशीन कपाटात."

मी एवढंच म्हटलं, की मशीनवर कंपनीचं नाव लिहिता येतं, पट्टीवर येत नाही. आणि बाईच्या महिन्याच्या मानधनावर तर कुठं लिहिणार? शाळांचंही तेच. यमगरवाडीला भटक्या-विमुक्तांच्या पोरांची निवासी शाळा आहे. ती उभी करणाऱ्या गिरीश प्रभुण्यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. वसतिगृहातलं पोर दोन्ही वेळा जेवतं, सोमवारीही आणि दिवाळीतही. इमारतीच्या कोनशिलेला भूक लागत नाही, म्हणून तिला देणगीदार लवकर मिळतो. सगळ्या कंपन्या अशा नसतात, हे आक्कांना पटत नाही. मला पटतं, पण त्यांच्यापुढं सांगायची सोय नाही.

"किती दिस देत्यात वो?"

"बहुतेक करार तीन वर्षांचा."

"आपला खंडोबा बी करारच करतो की! अणदूर आन् नळदुर्ग, दोन्ही गावचे मानकरी बसून लेखी करत्यात. नळदुर्गाला दोनेक महिने, बाकी अणदूरला. पन देव परत येनार ह्ये त्यात लिवलेलं असतंय. ह्या कंपनीच्या कागदात हाय का तसं?"

"नाही."

"मग लिवून घ्या. तुम्ही मास्तरीन हाव. अर्ज करा, शुक्रवारी देऊ. लिवा: गाडी नको, पाटी नको. बायांचं मानधन द्या, पट्ट्या द्या, आन् तीन वर्सं झाल्यावर काय, ते आत्ताच बोला."

"सही कोणाची?"

"माझी. सून घाबरती."

"मग फोटोत तुम्हालाच उभं करतील."

आक्कांनी तूर डब्यात ओतली. "हिरवी इरकल पेटीत हाय, डांबराच्या गोळ्यांचा वास मारती. उन्हात टाकते."