सेवानिष्ठ यंत्राची कैफियत

पाळोळ्याच्या किनाऱ्यावर माडाखाली मुक्काम ठोकून पुण्याच्या कचेरीची चाकरी इमानेइतबारे बजावणाऱ्या नोकरदारावर संगणकशास्त्राचे उपकार अगणित आहेत. झूम त्याच्या पाठीमागचा अरबी समुद्र पुसून तेथे ग्रंथांचे कपाट उभे करते. आणि कळफलक व माऊस ५ मिनिटे स्वस्थ राहताच टीम्सवरील हजेरीचा हिरवा ठिपका पिवळा पडतो म्हणून, शहाळ्याशेजारी ठेवलेले माऊस हलवण्याचे यंत्र धन्याच्या वामकुक्षीतही कर्तव्यतत्परतेने थरथरत राहते. अशा एकनिष्ठ सेवकास केवळ यंत्र म्हणून हिणवणे ही कृतघ्नता होय. सबब त्यास रीतसर नेमणूक, वार्षिक वेतनवाढ आणि किरकोळ रजा मंजूर व्हावी, अशी नम्र दरखास्त आम्ही बड्या साहेबांच्या सेवेशी रुजू केली. साहेबांचा ठिपका अहोरात्र हिरवा आहे. उत्तर तेवढे अद्याप आलेले नाही.