मोजणीवाला

पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी रत्नागिरीत राहणारा विद्यार्थी हा कोकणी समाजात तसा अलीकडेच अवतरलेला प्रकार असून, त्याला ओळखण्याची खात्रीची खूण अशी, की कोणताही सरळ प्रश्न विचारला असता तो उत्तराऐवजी अट सांगतो. मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर, गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आणि शिरगावचे मत्स्य महाविद्यालय यांच्या आसपासच्या टपऱ्यांवर त्याचे दर्शन घडते. ज्या जिल्ह्यात यंदाचा हापूस, पुढच्या निवडणुकीचा निकाल आणि शेजाऱ्याचा गडगा नेमका किती हात सरकला आहे, या तिन्ही विषयांवर प्रत्येक प्रौढ माणसाचे मत पक्के असते, तिथे फी भरून मत न बनवण्याचे शिक्षण घेणारा हा तरुण लोकांना कोड्यात टाकतो, यात नवल नाही.

घरच्यांची अडचण वेगळी असते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ आणि २००३ च्या आदेशांमुळे पर्यावरण हा विषय पदवीच्या सर्व शाखांना सक्तीचा झाला असल्याने, वाणिज्य शाखेतल्या आतेभावापासून थोरल्या वहिनीपर्यंत सर्वांनी तो पेपर आदल्या रात्री वाचून सोडवलेला असतो. जो विषय एका रात्रीत होतो त्याला दोन वर्षे कशाला लागतात, या शंकेचे निरसन तो आजवर करू शकलेला नाही. 'याचं पुढे काय करतात?' हा प्रश्न प्रत्येक लग्नकार्यात पंगतीला बसण्यापूर्वी येतो, आणि त्यालाही तो अटच सांगतो.

त्याच्या प्रबंधिकेचा, म्हणजे पदवीसाठी लिहायच्या छोट्या प्रबंधाचा, विषय बहुधा सडा हाच असतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे, सपाट पठार. मे महिन्यात तेथे काळ्या कातळाशिवाय काही दिसत नाही. मात्र मृगाच्या सरी कोसळून खळग्यांत पाणी साचले, की बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू अशा वनस्पती उगवून येतात. यांपैकी शेवटच्या दोन कीटकभक्षी आहेत, कारण कातळावरच्या मातीत नत्र फार कमी असल्याने ती तूट त्यांना बारीकसारीक जिवांच्या शिकारीवर भरून काढावी लागते. (अपुऱ्या मिळकतीवर हा उपाय केवळ वनस्पतींनाच सुचला आहे, असे नाही.)

हे सारे मोजण्यासाठी तो प्लॅस्टिकच्या नळ्यांची एक मीटर लांब-रुंद चौकट, टेप आणि वही घेऊन सड्यावर उतरतो; चौकटीत सापडेल तेवढेच मोजायचे आणि त्यावरून उरलेल्या सड्याचा अंदाज बांधायचा, अशी ही रीत आहे. परंतु महामार्गाचे चौपदरीकरण, जैतापूरचा अणुप्रकल्प, आधी नाणारची आणि मग बारसूची रिफायनरी, एवढे सगळे ज्या जिल्ह्याने पाहिले आहे, तिथे टेप धरून वाकलेला माणूस निरुपद्रवी असूच शकत नाही. पहिल्या तासाभरात वाडीतले दोघे गडग्याआडून पाहून जातात, तिसरा सातबारा घेऊन येतो, आणि चौथा, ज्याचा मुंबईकर चुलतभावाशी हिश्शावरून दावा चालू असतो, तो थेट वकिलाला फोन लावतो. 'मोजणीला कोणी बोलावलं तुला?' या प्रश्नाला 'गवत मोजतोय, काका' हे खरे उत्तर दिल्याने संशय दुणावतो, कारण इतके न पटणारे खोटे बोलायला पगारी माणूसच लागतो, असे वाडीचे मत पडते. मोजणीवाला हे नाव त्याला तिथेच चिकटते, आणि पुढे त्याला चहा मिळू लागला तरी ते सुटत नाही.

याहून मोठा धोका प्रेमळ माणसांकडून संभवतो. ज्या घरी त्याच्या जेवणाची सोय होते त्या घरच्या आजी सड्यावरून परतताना त्याच्या कायमच्या चौकटीतील, म्हणजे खुंट्या ठोकून दर आठवड्याला तपासायच्या तुकड्यातील, फोडशी खुडून आणतात, आणि कोवळ्या पात्यांची ती रानभाजी हरभऱ्याची डाळ घालून त्यालाच वाढतात. वहीतली रोपे ताटात आली होती, हे त्याला दुसऱ्या दिवशी चौकट रिकामी दिसल्यावर उमगते. तो त्या रकान्यात 'मानवी हस्तक्षेप' असे लिहितो. भाजी चांगली झाली होती, हे नोंदवायला तक्त्यात जागा नसते. फोडशी कोणत्या कातळाच्या कडेला आणि कोणत्या नक्षत्रात येते, हे आजींना चौकटीवाचून ठाऊक असते. ते तो त्यांच्याकडूनच समजून घेतो आणि प्रबंधिकेत 'स्थानिक माहितगारांच्या मते' एवढ्या तीन शब्दांत त्यांची बोळवण करतो.

पावसाळा सरला, की मोजलेल्या सगळ्यातून एकच आकडा काढला जातो. त्याला शॅनन निर्देशांक म्हणतात: एखाद्या जागी किती जाती आहेत आणि त्यांची संख्या किती समप्रमाणात वाटली गेली आहे, हे तो एकदम सांगतो. क्लॉड शॅनन या अमेरिकी अभियंत्याने १९४८ साली हे सूत्र टेलिफोनसारख्या साधनांतून जाणाऱ्या संदेशांसाठी मांडले होते; त्यातून अनिश्चितता मोजता येते, हे पाहून परिसरशास्त्रज्ञांनी ते उचलले. उत्तर समजा २.१३ आले. ज्यांच्या सड्यावर हे घडले ते गृहस्थ 'म्हणजे चांगलं का वाईट?' एवढेच विचारतात, आणि शेजारच्या सड्याशी ताडून पाहिल्यावाचून सांगता येणार नाही, असे तो म्हणतो. शेजारचा आकडा जास्त निघाल्यास भावकीत नवा वाद उभा राहील, याचा विचार त्याच्या अभ्यासक्रमात नसतो.

ज्यांना सडा मिळत नाही त्यांच्या वाट्याला भाट्येची खाडी येते. तेथील पाण्याची जैवरासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू संपवतात, ते काढण्यासाठी नमुना इतर अनेक देशांत २० अंशांवर पाच दिवस ठेवतात, भारतात २७ अंशांवर तीनच दिवस. घाण कुजण्याच्या बाबतीत तरी आपण पुढे आहोत. नमुने बर्फात न्यायचे असल्याने मासळीवाल्यांकडून मागून आणलेली थर्माकोलची पेटी घेऊन तो एसटीत चढतो, वाहक वास ओळखून झाकण उघडायला लावतो, आणि आत सुरमईऐवजी बाटल्यांत भरलेले गढूळ पाणी पाहून मासळी परवडली असती अशा नजरेने तिकीट फाडतो.

पाच जूनला, म्हणजे जागतिक पर्यावरण दिनी, शाळा त्याला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावतात आणि सड्यावर लावण्यासाठी रोप हातात देतात. सड्यावर झाडे लावू नयेत, कारण सुरुंगाने खड्डे पाडून आणि बाहेरची माती ओतून तिथले मूळचे जीवन बुजते, असे तो सांगतो. पर्यावरणवालाच झाडांच्या विरोधात गेल्याचे पाहून मुख्याध्यापक आभारप्रदर्शन आवरते घेतात. ग्रामसभेतही त्याचा उपयोग होत नाही. सर्वजण गाडगीळ अहवाल म्हणतात आणि फार थोडे वाचतात तो पश्चिम घाट तज्ज्ञ गटाचा २०११ चा अहवाल त्याने खरोखरच वाचलेला असतो, तर समर्थक आणि विरोधक त्यात नसलेल्या वाक्यांवरून भांडत असतात.

पदवी मिळाल्यावर त्याला पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचे अहवाल करून देणाऱ्या एखाद्या सल्लागार कंपनीत नोकरी लागते. असे मूल्यांकन म्हणजे प्रकल्पामुळे परिसरावर काय परिणाम होईल, याचा परवानगीपूर्वीचा अंदाज. आणि बहुतेक प्रकल्पांना त्यासाठी एका ऋतूची माहिती पुरते, तीही पावसाळा सोडून. त्यामुळे एप्रिलच्या उन्हात तो टोपी घालून सड्यावर उभा राहतो आणि वनस्पतींच्या रकान्यात 'उल्लेखनीय आढळ नाही' असे लिहितो. खाली 'पावसाळ्यात पुन्हा पाहणी व्हावी' ही तळटीप तो प्रामाणिकपणे जोडतो. साहेब ती जागेअभावी काढून टाकतात. पगार मात्र वेळेवर होतो, आणि पुढच्या लग्नात पंगतीआधीच्या प्रश्नाला आईच परस्पर उत्तर देते, 'कंपनीत आहे हो.' कसली कंपनी, हे कोणी विचारत नाही.