पिंपरी पेंढारचं युद्धखातं

जगात कुठंही बॉम्ब पडला की कल्याण-नगर रस्त्यावरच्या पिंपरी पेंढारात संरक्षण समितीची तातडीची बैठक भरते. दिल्लीत असल्या बैठकीला फायली लागतात, नकाशे लागतात. इथं दोन चहा आणि चार्जिंग असलेला एक मोबाइल पुरतो. युद्ध कुणाचं आहे याला फारसं महत्त्व नसतं. कुणाचे किती, एवढंच बघायचं. स्क्रीनवर दोन झेंडे समोरासमोर येतात, खाली माणसं, रणगाडे, विमानं यांचे आकडे सरकतात आणि चहा निवायच्या आत निकाल लागतो.

समितीत तीन गट आहेत. पहिला लोकसंख्यावाल्यांचा, त्याचे पुढारी नाना. "आपण एकशे चाळीस कोटी हाय. सगळे मिळून एकदा थुंकलो तरी समोरचा वाहून जाईल," हे त्यांचं संरक्षणविषयक धोरण. याच नानांचा कांदा परवा वावरात पडून होता, कारण काढणीला बाया मिळेनात. एकशे चाळीस कोटींतून दहा जणी गोळा करायला नानांना ओतूरपर्यंत दोन हेलपाटे पडले.

दुसरा गट कारखानदारीवाला. तिथं तात्यांचा शब्द चालतो. 1944 या एका वर्षात अमेरिकेनं 96 हजारांच्या आसपास विमानं काढली, जपाननं 28 हजार. फोर्डच्या विलो रन कारखान्यातून तर ऐन भरात तासाला एक बॉम्बफेकी विमान बाहेर पडायचं. मग जपान हरणार नाही तर काय? तात्यांचे आकडे बरोबर आहेत. फक्त त्यांच्या स्वतःच्या विहिरीवरच्या मोटारीला थ्री फेज लाइट मिळते रात्री, आणि त्या वेळी उसात बिबट्या असतो.

तिसरा गट पोरांचा. यांना साम्राज्य हवंय. कसलं, कुठं, ते अजून ठरलेलं नाही, पण हवंय. घरचा सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे.

पंचाईत अशी की तिघंही खरं बोलतात. माणसं, कारखाने आणि साम्राज्य यांवरच मोठ्या लढाया फिरतात. त्या हिशेबात पिंपरी पेंढार कुठल्या रकान्यात बसतं, हा विषय मात्र समितीपुढे कधी येत नाही.

आकडा दर वेळी जिंकतो असंही नाही म्हणा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्नर काही काळ निजामशाहीची राजधानी होतं आणि तिथून मलिक अंबर मोगलांना दमवत होता. पुढे औरंगजेब जातीनं आला. माणसं, खजिना, तोफा, सगळ्या रकान्यांत तो पुढे. 1681 पासून पाव शतक दख्खनेत भटकला आणि 1707 मध्ये नगरजवळ भिंगारला मेला. आपल्याच रस्त्यानं सरळ पूर्वेला गेलं की लागतं. ती लढाई मोबाइलवर लागली असती तर नानांनी पहिल्या घोटालाच ती औरंगजेबाला देऊन टाकली असती.

1818 मध्ये मात्र शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन हे आपले किल्ले इंग्रजांनी पटापट घेतले. आपल्याकडे तोफा नव्हत्या, हे कारण कुणी सांगू नये. 1803 साली असईला शिंद्यांच्या तोफखान्यानं इंग्रज सेनापती वेलस्लीची माणसं अशी कापली की तो ती लढाई जन्मभर विसरला नाही. इंग्रजांच्या हाती तिथं शंभराच्या आसपास तोफा लागल्या. तोफा होत्या, पगार नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीकडे बंगालचा महसूल आणि बाजारात पत, त्यामुळे तिच्या शिपायाला महिन्याच्या महिन्याला रोकडा मिळे. आपल्याकडे पलटणींची बाकी वर्षानुवर्षं थकलेली. उसाचं बिल चौदा दिवसांत द्यायचा कायदा असूनही ते लटकलं, की पुढच्या हंगामात शेतकरी दुसऱ्या कारखान्याची गाडी बोलावतो. त्या वेळी तसंच झालं. गाडी कंपनीची होती.

तेव्हापासून आपण जिंकणाऱ्याच्या बाजूला आलो. म्हणजे त्याच्या वहीतले आकडे झालो.

1914 चं महायुद्ध ब्रिटननं जिंकलं असं पुस्तकात असतं. त्यासाठी हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली: शिपाई, खेचरवाले, पखालवाले, हमाल. शिपायाला महिना अकरा रुपये. सत्तर हजारांहून जास्त परत आले नाहीत. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. तिथं कूटला तुर्कांच्या वेढ्यात अन्न संपलं, घोडे कापून खायची वेळ आली आणि 29 एप्रिल 1916 ला जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली. शिपायांना वाळवंटातून पायी हाकललं, त्यांतले कित्येक वाटेतच पडले. जनरलसाहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले. पराभवातही रकाने वेगवेगळे असतात.

माणसं देऊन भागलं नाही, म्हणून 1917 मध्ये हिंदुस्थाननं ब्रिटनला 10 कोटी पौंडांची 'भेट' दिली. भेट देणाऱ्याला विचारलं कुणी होतं? घेणाऱ्याच्याच माणसांनी देणाऱ्याच्या वतीनं सही केली. आपल्याकडे वर्गणी अशीच निघते, पण निदान पावतीवर गणपती तरी असतो.

पावती नंतर आली, संगमरवरात. महाराष्ट्रात कितीतरी गावांच्या चावडीवर, शाळेच्या भिंतीत ती अजून दिसते: या गावातून इतकी माणसं महायुद्धावर गेली, पैकी इतकी कामी आली. इतकी आणि इतकी. नाव एकही नाही. साहेब हिशेबाला पक्का. पण गोणी मोजताना कांद्यांना कोण नावं ठेवतो? बसऱ्याच्या स्मारकावरही तीच तऱ्हा. गोरा शिपाई नावानिशी, हिंदुस्थानातला अधिकारी नावानिशी, हिंदुस्थानातला साधा शिपाई पलटणीच्या खाली नुसत्या संख्येत. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाला ही गोष्ट उघड कबूल करून माफी मागायला 2021 साल उजाडलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तर ठरावच परस्पर. 3 सप्टेंबर 1939 ला व्हाइसरॉय लिनलिथगोनं जाहीर केलं की हिंदुस्थान युद्धात आहे. चाळीस कोटींच्या घरातला देश, आणि एका सहीत युद्धाला उभा. ग्रामसभेला कोरम नसताना ठराव कसे मंजूर होतात, याचं एवढं ठसठशीत उदाहरण पंचायत समितीच्या दप्तरातही सापडणार नाही. पंचवीस लाख माणसं भरती झाली. कारखान्यांचं काय? वालचंद हिराचंद मोटारी बनवायला परवानगी नि मदत मागत होते. युद्धाला त्याची गरज नाही, असं सरकारचं मत पडलं. विमानांसाठी त्यांनी 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीनं बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली, तर दोन वर्षांत सरकारनं ती ताब्यात घेतली आणि तिथं मुख्यतः दोस्त राष्ट्रांची विमानं दुरुस्त होऊ लागली. माणसांच्या रकान्यात आपण भरगच्च, कारखान्याच्या रकान्यात गॅरेज.

माल मात्र इथलाच जात राहिला. कापड, गोण्या, धान्य, दारूगोळा. पैसे लंडनमधल्या खात्यावर पौंडांत मांडून ठेवले आणि इथं रुपयाच्या नोटा छापल्या. महागाई भडकली, 1943 मध्ये मुंबईत रेशन आलं, बंगालात लाखो माणसं भुकेनं मेली. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन आपलं सव्वाशे कोटी पौंडांच्या वर देणं लागत होतं. साम्राज्यच रयतेच्या उधारीवर लढलं, ही गोष्ट समितीतल्या पोरांनी जरा निवांत बसून ऐकावी.

आता साम्राज्य गेलं, रकाना राहिला. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपला जाणारी जुन्नरची द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून गेली. त्याच सुमाराला, 8 डिसेंबर 2023 ला, आपल्याच सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली ती 4 मे 2024 पर्यंत. आळेफाट्याच्या बाजारात भाव पडला. तात्यांनी त्या दिवशीही रणगाडेच मोजले.

एक विनंती. आपल्या पंचक्रोशीत ज्यांच्या घरी पणजोबांचा डिस्चार्जचा कागद, पदक, पलटणीचा बिल्ला किंवा नुसती "तो बसऱ्याला गेला आन् आलाच नाय" एवढी आठवण असेल, त्यांनी नाव, गाव आणि पलटण एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीत द्यावं. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ती नावं मोठ्यानं वाचावीत, कोरम असो वा नसो.